जयाबाईंची शेवटची मडकी

मच्छे
११ जानेवारी २०२५

आत्या, पाया पडते.

हे पत्र यशोदाबाई तुला वाचून दाखवतील, म्हणून आधी त्यांनाच विनंती करते. यशोदाबाई, आत्याला खाली बसवा, दार लावून घ्या आणि मगच पुढचं वाचा.

काल मी बेळगावात प्रदर्शनाला गेले होते. नागेंद्रअण्णाच्या स्टॉलवर व्हार्निशचा एक डबा पोचवायचा होता. एरवी तो मला स्टॉलवर येऊ देत नाही. ‘तू शेडमधलं रंग-व्हार्निशचंच काम बघ, तिथं तुझ्याशिवाय कुणाला जमत न्हाय,’ म्हणतो. मला त्याचं बरं वाटायचं. काल खरं कारण कळलं.

स्टॉलच्या मधोमध तुझा फोटो होता. माझ्या पदवीच्या दिवशी काढलेला, हिरव्या लुगड्यातला. फोटोला चंदनाचा हार घातला होता आणि पुढे समई लावली होती. खाली पाटी होती, कन्नडमध्ये मोठ्या आणि मराठीत लहान अक्षरांत: कै. जयाबाई कुंभार यांच्या हातची शेवटची मडकी.

मी तिथेच खाली बसले. मला वाटलं, तू खरंच गेलीस आणि माझ्यापासून लपवलं. मग आठवलं की सकाळीच मष्णूने टेम्पोतून तुझी मडकी उतरवली होती, आणि एका मडक्यात भाताच्या पेंढ्याखाली माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी होती.

एक बाई अण्णाला विचारत होत्या, ‘कधी गेल्या?’ तो म्हणाला, ‘दिवाळीच्या आधी. झोपेतच.’ आणि त्याने डोळे पुसले. आत्या, खरोखर पुसले. ज्या बोटाने मिशीला पीळ देतो, त्याच बोटाने.

संध्याकाळी शेडवर मी त्याला विचारलं. तो चिडला नाही. मला समजावून सांगायला लागला, लहानपणी गणित सांगायचा तसं. ‘हे बघ रचना, जित्त्या बाईचं मडकं म्हणजे मडकं. गेलेल्या बाईचं मडकं म्हणजे कला. लोकांना हात थांबलाय म्हटल्याशिवाय हाताची किंमत कळत न्हाय. आत्याला काय फरक पडतोय? ती तिकडं निपाणीत, हे बेळगाव.’

अनगोळच्या पलीकडे शरदराव म्हणून एकांनी लग्नासाठी नवीन लॉन केलं आहे. त्यांनी फाटकापासून मांडवापर्यंत दुतर्फा झाडं लावून ठेवायला तुझी मडकी सांगितली आहेत. बारा महिने उघड्यावर राहणार. अक्षय तृतीयेला लॉन सुरू होईल आणि फाटकाशी तुझा तोच फोटो कायमचा लावणार आहेत, हारासकट.

मी हे तुला कळवावं की नाही, ह्याचा खूप विचार केला. मला कॉलेजात नाव घालायला अण्णाच घेऊन गेला होता. आपल्या घरात त्या आधी कुणी कॉलेजचा दरवाजा पाहिला नव्हता. ते मी विसरलेले नाही. पण तू मेलेली आहेस हे तुला माहीत नसावं, हेही मला बरोबर वाटलं नाही.

काय करू ते कळव. पत्र नेहमीसारखं मडक्यात, तळाशी ठेव. त्याचाच टेम्पो ते माझ्यापर्यंत आणून देईल.

तुझी
रचना


निपाणी
१९ जानेवारी

रचना,

यशोदानं वाचलं. दार लावून वाच म्हणालीस, पर माझ्या कानात शिरायला जेवढं वरडावं लागतं त्याला दार काय नि भिंत काय. समद्या गल्लीनं ऐकलं. दिवस मावळायच्या आत शेजारणी भेटायला आल्या. एकीनं पिठलं-भाकरी आणली, मयताच्या घरी आणतात तशी. मी खाल्ली. चांगली होती.

मी रडले न्हाय. लिही यशोदा, रडले न्हाय.

(थोड्या रडल्या. – यशोदाबाई)

थोरल्या दादाच्या ह्या पोराला मी चाकापाशी मांडीवर घेऊन वाढवलाय. त्याची आई दुसऱ्याच्या रानात जायची, हा माझ्याकडं. चिखल खायचा आणि झोपायचा. माझ्या सासरचं कोण उरलं न्हाय, तवापासनं म्हणत आलाय, ‘आत्या, तुला अग्नी मीच देणार.’ आता अग्नी न देताच मोकळा झाला.

मला मारायचं व्हतं तर रीतीनं मारायचं. दहावा कुठं केला? घरचं मोठं माणूस गेलं की बाप्यामाणूस डोकं करतो, मिशी उतरतो. ह्यानं माझ्या फोटूला हार घातला आणि स्वतःच्या मिशीला तेल लावलं. मी मेले आणि ह्याची मिशी जित्ती. हे मला न्हाय सोसत.

मला ती मिशी उतरलेली बघायची हाय. माझ्यासाठी उतरलेली.

आता तू काय करायचं ते ऐक. तुझं ते पाणी न लागायचं औषध त्या लॉनच्या मडक्यांना लावूच नगो. पाऊस पडला की समदा रंग ओघळून जाऊ दे. बसू दे बोंबलत.

जयाबाई

(माझंही मत तेच आहे. मी जन्मभर विड्या वळल्या, कुणाला कच्चा माल दिला नाही, पण अशा माणसाला द्यावा. – यशोदाबाई)


मच्छे
३० जानेवारी

आत्या,

तुझा राग मला समजतो. माझाही कमी नाही. पण औषध न लावण्याचं मला पटत नाही. कारणं सांगते.

रंग ओघळला तर लोक काय म्हणतील? गेलेल्या बाईचा रंग कच्चा होता, असंच म्हणतील. अण्णा मान हलवेल आणि म्हणेल, ‘काय करणार, म्हाताऱ्या झाल्या होत्या.’ मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. म्हणून तर त्याने तुला मारलं आहे.

दुसरं, शरदरावांनी आपलं काही वाईट केलेलं नाही. त्यांना उघड्यावर टिकणारं मडकं हवं आहे आणि ते त्यांना मिळालंच पाहिजे. नुकसान अण्णाचं व्हावं, आणि फक्त अण्णाचंच व्हावं. ह्याच्या बाहेर एक शिंतोडाही उडता कामा नये, नाहीतर मला ते सहन होणार नाही.

म्हणून मी दुसरं काहीतरी योजलं आहे. ते अधिक वाईट आहे. वाचून झाल्यावर हे पत्र चुलीत घाल.

तू मडक्यावर दोन चित्रं काढायचीस, एकावर एक. खालचं चित्र पक्कं आणि वरचं कच्चं.

टेम्पोतून पाठवलेल्या निळ्या झाकणाच्या डब्यांत उघड्यावर टिकणारे रंग आहेत. आधी मडकं पूर्ण सुकू दे. आव्यात भाजून काढलेलं मडकंही हवेतलं पाणी पितं, म्हणून नुसतं हात लावून ठरवू नकोस, उन्हात तापव. मग ह्या रंगांनी खालचं चित्र काढ. ते सुकलं की मोठ्या डब्यातल्या बिनचकाकीच्या व्हार्निशचे दोन हात दे. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नकोस. मग पॉलिश पेपरने अगदी हलकं घास, म्हणजे वरचा रंग धरेल. त्यावर तुझा नेहमीचा चुना आणि गेरू डिंकाच्या पाण्यात कालवून लग्नातल्या ऐरणीच्या मडक्यांवर काढतेस ती वेलबुट्टी काढ. खालचं काही दिसता कामा नये.

आतल्या बाजूचं काम मी इथे करीन. ते सगळ्यांत महत्त्वाचं असतं. कुंडीतल्या मातीचं पाणी आतून झिरपतं आणि रंगाला पाठीमागून ढकलतं. लोक बाहेरून कितीही चोपडतात आणि मग रंगाला फोड का आले म्हणून विचारतात. मी आतून दोन हात देईन आणि तळाचं भोक मोकळं ठेवीन.

अण्णाला मी सांगितलं आहे की निपाणीतच बाहेरून व्हार्निश झालं तर टेम्पोत चरे पडणार नाहीत. हे खरं आहे, म्हणून मला सांगता आलं.

वळवाच्या पहिल्या सरीला चुना-गेरू वाहून जाईल आणि खालचं चित्र उघडं पडेल. शरदरावांना कच्च्याच्या जागी पक्कं मडकं मिळेल, तेवढंच सुंदर. फक्त त्या चित्रात तू असशील. जिवंत.

काय काढायचं ते तू ठरव. पण त्यात खोटं काही नको.

रचना


निपाणी
२० फेब्रुवारी

रचना,

पत्र चुलीत घातलं. तू माझी भाची शोभतीस. शाळा शिकून माणूस भित्रं होतंय असं मला वाटायचं. तू भित्रीच हाईस, पर भिऊन भिऊन जे करतीस ते लई पक्कं करतीस.

पहिल्या तीन मडक्यांचं वाटोळं झालं. मला दम न्हाय, तुला म्हाईत हाय. एक हात ओला असताना दुसरा मारला, तर समदं दुधासारखं पांढरं झालं. यशोदा म्हणाली, ‘रचनानं लिहिलंय ते ऐका की.’ आता ती उन्हात बसून मडक्यांना गालानं तपासती, लेकराचा ताप बघतात तशी.

चित्र सांगते. मी चाकापाशी बसलेली. हिरवं लुगडं, फोटूत हाय तसलंच, म्हणजे लोकांना वळख पटेल. पर फोटूतली गप हाय, ही मडकं थापटती. आणि खाली माझा अंगठा, लाल. दरसाली पेन्शनीसाठी मी बँकेत जाते, मशीनवर अंगठा ठेवते, तवा सरकार म्हणतंय ही बाई जित्ती हाय. सरकारला जे चालतं ते नागेंद्राला चालंल.

आणि मागच्या अंगाला एक गाढव काढावं म्हणते. मडक्यांचं वझं घेतलेलं. माझ्या बापाच्या दारात व्हतं, सरदार नावाचं. त्याला मिशी काढते. पीळ दिलेली.

जयाबाई


मच्छे
२६ फेब्रुवारी

आत्या,

बाई आणि अंगठा फार चांगलं आहे. वाचून माझ्या अंगावर काटा आला.

गाढव नको. सरदार होता हे खरं, पण त्याला मिशी नव्हती. तू जिवंत आहेस एवढंच सांगायचं आहे, आणि ते खरं आहे, म्हणून मी ह्यात आहे. गाढव आलं की ती टवाळी होते. मग मी अण्णाच्या तोंडाकडे बघू शकणार नाही. त्याने मला शिकवलं आहे गं. मला त्याला खोटं पाडायचं आहे, त्याची चेष्टा करायची नाही.

मडकी आली की मी आतून हात देते. अण्णा रोज विचारतो, ‘औषध झालं का?’ मी म्हणते, ‘आतून बाहेरून दोन-दोन हात.’ शब्दाला शब्द खरं आहे. तरी घरी गेल्यावर भाकरी गोड लागत नाही.

रचना


निपाणी
१० मार्च

रचना,

बरं. तू म्हणतीस तसं करते. गाढव न्हाय.

जयाबाई

(मी काही लिहीत नाही. – यशोदाबाई)


मच्छे
२ मे

आत्या,

हे पत्र मी पोस्टाने पाठवते आहे. अण्णाच्या टेम्पोवर आता विसंबवत नाही, का ते वाचशीलच.

मी वळवाची वाट बघत होते. मला वाटलं होतं, एखाद्या दुपारी सर येईल, लॉनवर माळ्याशिवाय कुणी नसेल, आणि मग एकेकाच्या लक्षात येईल. तसं झालं नाही.

अक्षय तृतीयेला सगळं बेळगाव लोटलं होतं. वकील, मास्तर, उद्यमबागेतले कारखानदार, खानापूरकडचे पाहुणे. मडकी दुतर्फा इतकी सुंदर दिसत होती की मला रडू येत होतं. फाटकाशी तू होतीस, हार घालून. अण्णा पांढऱ्या शर्टात, मिशीला ताजा पीळ देऊन, माईकवर तुझ्याबद्दल बोलत होता. आधी कन्नडमध्ये, मग मराठीत. दोन्ही भाषांत तू झोपेतच गेलीस.

त्याचं बोलणं संपलं आणि शरदरावांनी पाहुण्यांना हौसेने गवतावरचे फवारे सुरू करून दाखवले. जमिनीतून वर येणारे, गोल फिरणारे. त्याबद्दल मला कुणी बोललं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

पाण्याचा पहिला फेर मडक्यांवरून गेला. दुसरा गेला. मग गेरू सुटायला लागला. तांबडं पाणी फरशीवर आलं. बायकांनी साड्या वर धरल्या. शरदराव ओरडले, ‘बंद करा, बंद करा,’ पण माळ्याला चावी सापडेना. आणि चुन्यामागून तू बाहेर येऊ लागलीस. एकेका मडक्यावर, ओळीने. हिरवं लुगडं, हातात थापटणं. तुझा अंगठा.

आणि पलीकडच्या बाजूला गाढव. प्रत्येक मडक्यावर. पीळ दिलेल्या मिशीचं.

आत्या, तू मला ‘गाढव न्हाय’ असं लिहिलं होतंस.

मग मागून कुणीतरी हसलं. लोक गाढवाकडे बघत होते, मग अण्णाकडे. गाढव नको म्हणणारी मीच. पण खरं सांगते, आतून मला गोड वाटत होतं. इतकं गोड की स्वतःची भीती वाटली.

ते फार टिकलं नाही. अण्णाने माईक पुन्हा हातात घेतला. मग गहिवरून म्हणाला, ‘आत्या मला लहानपणी गाढव म्हणायची. जाताना ही चेष्टा माझ्यासाठी लपवून ठेवून गेली. आणि हा बघा, शेवटचा अंगठा.’

लोक रडले, आत्या. जे हसत होते तेच रडले. शरदरावांनी त्याला मिठी मारली. मडक्यांपुढे फुलं पडली. एका डॉक्टरांनी तिथल्या तिथे त्यांच्या बंगल्यासाठी अशीच मडकी सांगितली. मी तोंड उघडलं होतं. मला म्हणायचं होतं, ती जिवंत आहे. पण प्रियदर्शनीवहिनी माझा दंड धरून उभी होती आणि माझा आवाज निघाला नाही. तो निघाला नाही म्हणून मी अजून स्वतःला शिव्या देते आहे.

दुसऱ्या दिवशी अण्णा शेडमध्ये आला. मला पेढा दिला. म्हणाला, ‘हुशार हाईस. मी तुला उगाच शिकवलं न्हाय. आता अशीच आणखी करायची. आत्याला सांग, गाढव ठेव म्हणावं, लोकांना आवडतंय.’

पेढा मी त्याच्यासमोर खाल्ला नाही. कुत्र्यालाही घातला नाही. व्हार्निशच्या डब्यात टाकला.

आता मला दया नाही. तू सांगशील ते करीन.

रचना


निपाणी
८ मे

रचना,

गाढवाचं तुला खोटं सांगितलं. माझं वय झालंय, मला एवढं चालतं.

तुझं पत्र यशोदानं दोनदा वाचलं. दुसऱ्या बारीला मी हसले. यशोदा घाबरली.

तो लई हुशार हाय. खरं म्हणून जे पुढं ठेवशील ते तो खोट्यात घालून विकंल. तवा आता खरं सांगायचंच न्हाय. तो म्हणतोय मी मेले. बरं. मेले.

मेलेली बाई चाक फिरवत न्हाय. मेलेली बाई मडकं थापटत न्हाय. काल मष्णू टेम्पो घेऊन आला, मी दारात बसले व्हते, त्याच्याकडं बघितलं न्हाय. यशोदानं त्याला सांगितलं, ‘मालकाला म्हणावं, जयाबाई दिवाळीच्या आधीच गेल्या, झोपेत.’ मष्णू बापडा माझ्याकडं बघून हात जोडून रिकामा टेम्पो घेऊन गेला.

डॉक्टरला मडकी कधी द्यायची म्हणालाय नागेंद्र? बघू दे वाट.

तू एवढंच कर. तुला माझा हात येतो, वेलबुट्टी येती. तो तुला म्हणंल, तूच काढ. काढू नगो.

जयाबाई


मच्छे
१५ मे

आत्या,

तसंच झालं. अण्णा म्हणाला, ‘तूच काढ, कुणाला कळतंय?’ मी म्हणाले, ‘मला कळतंय.’ मग तो म्हणाला, ‘तुझ्यासाठी मी काय काय केलं ते विसरलीस?’ मी म्हणाले, ‘विसरले नाही. म्हणून कोटिंग पक्कं करते. पण मेलेल्या बाईच्या नावावर हात चालवायला तू मला शिकवलं नाहीस.’

मग मी व्हार्निशच्या डब्याचं झाकण लावलं आणि घरी आले.

डॉक्टरांचा रोज फोन येतो आहे. शरदरावही विचारतात, आणखी ठेवलेली असतील तर आम्हाला द्या. अण्णाने सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की तुझ्या घराच्या माळ्यावर आणखी सापडली आहेत. आता त्याला ती सापडायला हवीत.

रविवारी तो स्वतः निपाणीला निघाला आहे.

रचना


निपाणी
१९ मे

रचना,

काल आला. कोण काय बोललं ते मला मागनं यशोदानं कानात सांगितलं.

मी दारात तांदूळ निवडत बसले व्हते. गाडी लावली, आत येऊन पाया पडाय लागला, तर यशोदा आडवी आली. ‘शिवू नका. सुतक हाय.’

‘कुणाचं?’

‘ह्यांचं.’

त्यो हसला. गोड गोड बोलाय लागला. मला काय ऐकू येतंय? ओठ हालताना दिसत व्हते तेवढंच. कानाशी तोंड आणलं असतं तर कळलं असतं, पर यशोदा त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दीना. मग तो जरा मोठ्यानं बोलला. मी तांदूळ निवडले. आणखी मोठ्यानं. समोरचे आण्णाप्पा काठी टेकत आले. आपल्या समाजात दहाव्याला पुढं तेच असतात. मागनं बायका आल्या, पोरं आली.

आण्णाप्पानी विचारलं, ‘काय रं नागेंद्र, कुणासंगं बोलतोयास?’

‘आत्यासंगं.’

‘आत्या दिवाळीच्या आधीच गेली न्हवं? तूच बेळगावात सांगितलंस म्हणं. मग आमाला दहाव्याला बोलावलं न्हाईस? का मिशी उतरायची जिवावर आली?’

गल्ली हसली. त्यो लाल झाला. म्हणाला, ‘ते धंद्याचं बोलणं असतं, आप्पा.’

आण्णाप्पा म्हणाले, ‘धंद्याचं मरण आमाला ठावं न्हाय. गेली असंल तर बस हितं खाली, न्हावी बोलावतो. गेली नसंल तर तिला सांग, तू जित्ती हाईस. तिला कळू दे.’

मग वरडला. ‘आत्या, तू जित्ती हाईस.’

मी यशोदाकडं बघितलं. यशोदा म्हणाली, ‘ऐकू आलं न्हाय त्यांना.’

आणखी वरडला. घसा फुगला. कोपऱ्यावरचा किराणावाला बाहेर आला. पोरं त्याच्यामागं वरडाय लागली, ‘आत्या जित्ती हाय, आत्या जित्ती हाय.’ मी तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला.

खरं सांगते रचना, पयल्याच बारीला ऐकू आलं व्हतं. एवढं वरडल्यावर दगडाला बी येईल. पर जरा ऐकत बसावं वाटलं.

शेवटी त्याचा आवाज बसला. कपाळाला हात लावून गटाराच्या कट्ट्यावर बसला, चिखल खायचा तवा बसायचा तसा. त्याला पाणी द्यावं म्हणून तांब्याकडं हात नेला. मग फोटूचा हार आठवला.

मी त्याला म्हटलं, ‘हितनं ऐकू येत न्हाय रं. बेळगावातनं सांग. त्या लॉनवरनं, माईकवरनं.’

जयाबाई

(आण्णाप्पांनी त्याच्याकडून सर्वांसमोर कबूल करून घेतलं आहे. पुढच्या रविवारी लॉनवर, माईकवरून सांगणार. आम्ही दोघी येतो. आत्या हिरवं लुगडं नेसणार आहेत. – यशोदाबाई)


मच्छे
३ जून

आत्या,

तू त्या दिवशी संध्याकाळच्या बसने लगेच गेलीस, म्हणून तुझ्यामागे काय झालं ते कळवते.

अण्णा माईकवर बोलला ते तू पाहिलंस. यशोदाबाईंनी तुझ्या कानात सांगितलंच असेल. तू फोटोखालच्या खुर्चीवर बसून चहा पीत होतीस, आणि लोक एकदा फोटोकडे आणि एकदा तुझ्याकडे बघत होते, ते मी कधी विसरणार नाही. हार शरदरावांनी स्वतः काढला. डॉक्टरांनी मडकी नको म्हणून सांगितलं. मला वाटलं होतं लोक ओरडतील. कुणी ओरडलं नाही. सगळे फक्त गाढवाकडे बघायला लागले. फाटकापासून मांडवापर्यंत, एकेका गाढवापाशी थांबत, आणि मग अण्णाकडे वळून.

तू गेल्यावर अण्णा माझ्याकडे आला. आवाज अजून बसलेलाच होता. म्हणाला, ‘रचना, बाई राहू दे. अंगठा राहू दे. तेवढं गाढव काढून टाक. तुझ्याकडं काहीतरी औषध असंल.’

मी सगळा विचार केला. मला खोटं बोलायचं नव्हतं. शरदराव शेजारीच उभे होते. त्यांनीही विचारलं, ‘किती दिवस टिकेल हो हे चित्र?’

मी म्हणाले, ‘उन्हापावसात निदान दहा वर्षं. मडकं तापवून कोरडं केलेलं आहे. बाहेरून दोन हात, आतून दोन हात. खरवडायला गेलात तर मडकं फुटेल, चित्र जाणार नाही.’

शरदराव म्हणाले, ‘मग राहू दे. आमच्या लॉनची ओळखच झाली आहे ती.’

अण्णा माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं होतं मी मान खाली घालीन. घातली नाही.

आता ऐक. लॉनवर रोज लग्न असतं. नवरानवरी त्या गाढवापाशी उभं राहून फोटो काढून घेतात. अण्णा बाजारात गेला, बँकेत गेला, कुठेही गेला की माणसं आधी त्याच्या तोंडाकडे बघतात आणि मग ओठ दाबतात. तो काही म्हणू शकत नाही. चित्र तर धुऊन जात नाही.

आज सकाळी शेडवर आला तेव्हा मी त्याला क्षणभर ओळखलं नाही. वरचा ओठ अगदी गुळगुळीत, मडक्याच्या काठासारखा.

आत्या, तुझा दहावा झाला.

तुझी
रचना